ताऱ्यांच्या फायली आणि पाण्याची पाळी

403 हा आकडा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो एका मंगळवारी दुपारी, आमच्या सांगलीच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. स्क्रीनवर ओळीमागून ओळ उमटत होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच: 403, 403, 403. म्हणजे प्रवेश नाकारला. युरोपातल्या एका विद्यापीठाची छोटीशी वेधशाळा आहे. वर्षानुवर्षं रूपविकारी, म्हणजे चमक कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांचे वेध घेऊन त्यांनी ते जगासाठी खुले ठेवलेत. त्यांच्या सर्व्हरनं आमच्या कॉलेजला दार लावलं होतं, आणि त्याला कारण मी होते.

झालं होतं असं. कुठूनशी मी डब्ल्यूगेट नावाच्या प्रोग्रॅमची एक आज्ञा उचलली होती, एका फोल्डरमधल्या सगळ्या फायली आपोआप उतरवणारी. तिला ‘वरच्या फोल्डरात चढू नकोस’ असं सांगणारा एक पर्याय असतो, नो-पॅरेंट. तो मी घातला नव्हता. त्यामुळे ती आमच्या ताऱ्यांच्या फोल्डरातून वर चढली, तिथून शेजारच्या फोल्डरांत उतरली आणि कच्च्या प्रतिमा, चाचणीच्या प्रतिमा, जे दिसेल ते ओढत सुटली. फायलींच्या यादीच्या पानावर नावानुसार, तारखेनुसार, आकारानुसार मांडणी बदलायचे दुवे असतात. तीच यादी उलटसुलट दाखवणारी ती पानं, पण आज्ञेला प्रत्येक पान नवंच वाटत होतं आणि ती ते मागवत होती. त्यात माझ्या एका विद्यार्थ्यानं वेग वाढावा म्हणून हेच काम 16 वाटांनी एकाच वेळी सुरू केलं होतं. नकार आला तर लगेच पुन्हा मागायचं, असंही त्यानं लिहून ठेवलं होतं. सर्व्हरनं आधी 503 सांगितलं. त्याचा अर्थ, आत्ता झेपत नाही, नंतर या. आमच्या प्रोग्रॅमनं ते न ऐकता सेकंदाला कित्येकदा दार ठोठावलं. मग 403.

त्याच वेळी खालून ऑफिसातले भाऊसाहेब वर आले. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जवळ आलेली, खिडकीपुढं पोरांची रांग, आणि तासाभरापासून एकही अर्ज पुढं सरकत नव्हता. ‘मॅडम, तुमच्याकडं काही चाललंय का?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी केबल काढली. खाली जाऊन पाहिलं तर जत तालुक्यातून पहाटेच्या एसटीनं आलेली एक मुलगी कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून बसलेली होती. तिचा अर्ज सव्वातीनला भरला गेला. ती शेवटची एसटी चुकेल म्हणून पळाली, आणि मी जिन्यात उभी राहिले. लाज वाटली, खूप वाटली.

रात्री आबांना फोन केला. आबा आटपाडी तालुक्यात डाळिंब करतात. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना ते तरुणपणी सायकलवरून जायचे, आणि समन्यायी पाणीवाटप हा शब्द आमच्या घरात भाकरीइतका रोजचा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलं तेव्हा आबांनी पाटाला हात जोडलेले मी पाहिलेत. त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते सांगायची गरज पडली नाही.

‘किती मोटरी लावल्या हुत्यास?’

‘सोळा.’

‘आन् लाइन कुणाची?’

‘सगळ्यांची, आबा.’

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, ‘टेलला कोण हुतं, बघितलंस का?’

टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. वरच्या अंगाच्या माणसानं मोटर सोडली की टेलच्या रानात नुसती ओल येते, पाणी येत नाही. आमचं रान टेललाच होतं. आबा कंदील घेऊन रात्री दोनला दारं धरायला जायचे आणि पाटात पाणीच नसायचं, ते मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही वर बसून मोटर सोडताना माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

त्याच रात्री वेधशाळेच्या पत्त्यावर ईमेल लिहिलं. काय केलं, का केलं, कोणत्या वेळी केलं, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. दोन दिवसांनी उत्तर आलं. तिथला विदा, म्हणजे डेटा, सांभाळणारा माणूस एकटाच. त्यांचं एकच यंत्र आहे, रात्री दुर्बिणीतून येणाऱ्या प्रतिमा त्यावरच उतरतात आणि दिवसा जगभरचे लोक त्यातूनच फायली नेतात. कोणते तारे हवेत त्याची यादी पाठवा, मी एक गठडी बांधून देतो, असं त्यानं लिहिलं होतं. रागाचा एक शब्द नाही. त्यानं आमचा पत्ता पुन्हा खुला केला. मी मात्र त्या वर्षी त्याच्याकडं काही मागितलं नाही. आधी मागायला शिकायचं ठरवलं.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांचा प्रकल्प होता ग्रहणकारी जोडताऱ्यांवर. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, आपल्या दिशेनं पाहता एक दुसऱ्याच्या आड येतो आणि जोडीचा प्रकाश काही तास मंद होतो. ययाति तारकासमूहातला अल्गोल हा यातला सगळ्यात प्रसिद्ध. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो मंदावतो, नुसत्या डोळ्यांना कळेल इतका. इंग्लंडमधल्या यॉर्क गावी जॉन गुडरिक नावाचा, ऐकू न येणारा, 18 वर्षांचा मुलगा रात्रीमागून रात्री तो पाहत बसला आणि 1783 साली त्यानं या मंदावण्याचा नेम आणि संभाव्य कारण रॉयल सोसायटीपुढं मांडलं. माझ्या मुलांपेक्षा तो वयानं लहान होता. हे त्यांना सांगितलं की त्यांचे डोळे बदलतात, म्हणून मी दर वर्षी सांगते.

आम्हाला विदा हवी होती ती टेस या उपग्रहाची. 18 एप्रिल 2018 ला तो सोडला गेला. चार कॅमेऱ्यांनी आकाशाचा एक पट्टा साधारण 27 दिवस एकटक पाहायचा आणि मग पुढच्या पट्ट्याकडं वळायचं, अशी त्याची रीत. अशा एका पट्ट्याला सेक्टर म्हणतात. सुरुवातीच्या दोन वर्षांत प्रत्येक सेक्टरमधल्या सुमारे 20 हजार निवडक ताऱ्यांची चमक दर दोन मिनिटांनी नोंदली गेली. शोधायचे असतात दुसऱ्या सूर्यांभोवतीचे ग्रह, पण त्याच नोंदींत जोडताऱ्यांची ग्रहणंही आयती सापडतात. ही विदा अमेरिकेत बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये, मास्ट नावाच्या भांडारात असते. हबल, केप्लर, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींचीही तिथंच असते. हबल किंवा वेबच्या काही निरीक्षणांवर सुरुवातीचे काही महिने निरीक्षण मागणाऱ्याचा हक्क राखलेला असतो. टेसला तशी अट नाही. विदा तयार झाली की ती सांगलीतल्या मुलाचीही तितकीच असते जितकी कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकाची.

मुलांचा पहिला बेत ऐकून मी त्यांना फळ्यापाशी बोलावलं. मास्टवर प्रत्येक सेक्टरसाठी एक तयार स्क्रिप्ट मिळते, तिची प्रत्येक ओळ म्हणजे एक फाइल. ‘मॅडम, पहिले 26 सेक्टर लावून टाकू, रात्रभर चालू दे,’ असं मिरजेचा म्हणाला. मी म्हटलं, आधी गुणाकार कर. चमकेच्या आलेखाची, म्हणजे एलसी प्रकारची एक फाइल साधारण 2 एमबी. गुणिले 20 हजार, म्हणजे एका सेक्टरचे 40 जीबी. गुणिले 26, म्हणजे एक टीबीच्या वर. आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात मोठी डिस्कच एक टीबीची. मग तासगावची म्हणाली, ताऱ्याभोवतीच्या चौकटीतले सगळे पिक्सेल देणाऱ्या टीपी फायलीही घेऊ. एका चौकटीत 11 गुणिले 11 पिक्सेल, 27 दिवसांत दोन-दोन मिनिटांचे जवळजवळ 20 हजार क्षण, आणि प्रत्येक पिक्सेलचे पाच-सहा प्रकारचे आकडे. हिशेब केला तेव्हा एकेक फाइल 50 एमबीच्या घरात गेली. आणि पूर्ण चौकटीच्या प्रतिमा? एकेक प्रतिमा 35 एमबीची, 16 चिप, सुरुवातीच्या दोन वर्षांत दर अर्ध्या तासाला एकेक. एका सेक्टरलाच सात-साडेसातशे जीबी. फळा भरला आणि वर्ग शांत झाला.

‘यातले किती तारे आपण बघणार?’ मी विचारलं.

कुणी बोललं नाही. चार मुलं, एक सत्र, आठवड्याला दोन प्रात्यक्षिकं. फार झालं तर 60.

मग 60 कसे निवडायचे यावर आम्ही तीन आठवडे घालवले, आणि त्या काळात एकही फाइल उतरवली नाही. प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला काळ तो हाच. टेसच्या पहिल्या 26 सेक्टरांत सापडलेल्या 4584 ग्रहणकारी जोडताऱ्यांची एक सूची 2022 साली प्रसिद्ध झाली आहे. प्रत्येकाचा कालावधी, तेजस्विता, आकाशातली जागा तिच्यात दिलेली आहे. ती सूची म्हणजे काही एमबींचा तक्ता. तो एकदा उतरवला, पेनड्राइव्हवर चौघांना दिला आणि मग मुलं चाळणी लावत बसली. कालावधी एक ते पाच दिवसांचा, म्हणजे एका सेक्टरमध्ये निदान पाच ग्रहणं दिसतील. तेजस्विता दहाव्या प्रतीहून ठळक, म्हणजे आमच्या सहा इंची दुर्बिणीतूनही तो तारा एकदा तरी बघता येईल. जागा अशी की जानेवारी-फेब्रुवारीत आटपाडीच्या माळावरून तो वर आलेला असेल. चाळता चाळता 64 उरले. चार जास्त होते, पण कुणालाच आपला तारा सोडवेना, तेव्हा ठेवले.

आमच्यातली एक मुलगी हरिपूरची. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जायचं. जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंडाची ती कोठारं, त्यात वर्षानुवर्षं हळद राहायची. 2005 च्या महापुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं आणि ती मोडली. तिच्या आजोबांचंही एक पेव होतं. ती म्हणाली, ‘पेवाचं तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं मॅडम. हवा खेळू द्यायची, दिवा सोडून बघायचं, मगच माणूस उतरवायचा.’ यादी मागवायच्या पायरीला त्या दिवसापासून आम्ही ‘दिवा सोडणं’ म्हणू लागलो.

तर दिवा कसा सोडला ते सांगते. पायथन या संगणकभाषेत अ‍ॅस्ट्रोक्वेरी नावाचं साधन आहे, त्यातून मास्टला प्रश्न विचारता येतो. पहिल्यांदा मुलांनी 64 ताऱ्यांसाठी 64 वेगळे प्रश्न लिहिले. ते बदलून 64 क्रमांकांची एकच यादी एकाच प्रश्नात दिली. भांडाराला एकदाच शोधावं लागतं आणि आपल्यालाही एकदाच थांबावं लागतं. उत्तरात काय काय आहे याचा तक्ता आला, फायली नव्हेत. तो तक्ता पाहून मुलं दचकली. 64 ताऱ्यांच्या मागं हजाराच्या वर नोंदी लागलेल्या. एलसी होत्या, टीपी होत्या, ग्रह शोधणाऱ्या प्रणालीनं काढलेले पीडीएफ अहवाल होते, आणि काही ताऱ्यांच्या 20-20 सेकंदांच्या नोंदीही होत्या, ज्या दोन मिनिटांच्या सहापट जड. आमची ग्रहणं तासन्‌तास चालणारी, त्यांना 20 सेकंदांची बारकाई कशाला? गाळणी लावली. फक्त एलसी, फक्त दोन मिनिटांच्या. 214 फायली उरल्या. आकारांची बेरीज केली, 430 एमबीच्या आसपास.

एक टीबीवरून 430 एमबी. मिरजेच्यानं फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि पुसू दिले नाहीत. सफाईवाल्या मामांनाही सांगून ठेवलं.

64 पैकी तीन ताऱ्यांच्या बाबतीत एक शंका होती. शेजारी दुसरा तारा असल्यामुळे ग्रहण नक्की कुणाचं, ते एलसीवरून कळत नव्हतं. त्यासाठी पिक्सेल बघणं भाग होतं. पण तिथंही 35 एमबीच्या प्रतिमा हजारोंनी आणायची गरज नसते. मास्टचं टेसकट नावाचं साधन आहे. आकाशातली जागा आणि चौकटीचा आकार सांगितला की ते मोठ्या प्रतिमांतून तेवढाच तुकडा त्यांच्याच यंत्रावर कापतं आणि फक्त तो पाठवतं. आम्ही 15 गुणिले 15 पिक्सेलचे तुकडे मागितले. बाजारात अख्खा फणस न घेता चार गरे कापून मागावेत, तसं.

मग वेळेचा प्रश्न आला. मुलांचं उत्तर ठरलेलं, रात्री. मीही आधी तेच म्हणाले असते. पण तासगावचीनं घड्याळ मांडलं. आपल्याकडं रात्रीचे 10 वाजतात तेव्हा बाल्टिमोरला दुपारची वेळ असते, त्यांचं ऑफिस ऐन भरात. म्हणजे रात्री आपल्या कॉलेजची लाइन मोकळी असली तरी तिकडं गर्दी. पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ बघितली. तिकडं संध्याकाळ उलटून गेलेली, युरोपात मध्यरात्र, आणि आमच्या कॉलेजात फक्त वॉचमन. टेस वापरणारे जगभर आहेत, कुणी ना कुणी जागं असणारच, पण टेलच्या माणसाला त्यातल्या त्यात पाणी पोचायची ही वेळ. आबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘म्हंजी पहाटंची पाळी घेतलीस. बरं केलंस.’

स्क्रिप्ट आम्ही पाच जणांनी मिळून लिहिली, ओळ न् ओळ मोठ्यानं वाचत. एका वेळी एकच फाइल. दोन फायलींमध्ये दहा सेकंदांची विश्रांती. 214 फायलींच्या विश्रांतीचीच जेमतेम 36 मिनिटं होतात, हा हिशेब मांडल्यावर कुणाचीच तक्रार राहिली नाही. 429 आलं, म्हणजे तुम्ही फार घाईनं मागताय, किंवा 503 आलं, तर थांबायचं. किती थांबायचं ते कधीकधी सर्व्हर स्वतःच उत्तरासोबत सांगतो, रिट्राय-आफ्टर या ओळीत. तसं असेल तर तेवढं. नसेल तर आधी अर्धा मिनिट, मग एक, मग दोन, मग चार. तरी जमलं नाही तर बंद करून घरी जायचं. आपण कोण आहोत हे सर्व्हरला सांगणारी एक ओळ प्रत्येक मागणीसोबत जाते, ती बहुतेक लोक आहे तशी सोडतात. आम्ही तिच्यात प्रकल्पाचं नाव आणि माझा ईमेल घातला. काही चुकलं तर दार लावण्याआधी त्यांना मला हाक मारता यावी.

पहिल्या पहाटे आम्ही फक्त तीन फायली उतरवल्या. उघडून पाहिल्या, आलेख काढला, ग्रहण दिसलं. पहाटेच्या थंडीत वॉचमनकाकांनी आणलेला चहा आणि पडद्यावर शेकडो प्रकाशवर्षांवरच्या दोन ताऱ्यांनी एकमेकांना झाकलेलं. हरिपूरची काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘हे आपलंच आहे का, म्हणजे आपल्यासाठीच ठेवलंय का?’ मी हो म्हटलं. ज्यांनी ते ठेवलंय त्यांना आपण कधी भेटणार नाही, आणि तरीही ठेवलंय.

दुसऱ्या पहाटे उरलेल्या 211 सुरू केल्या आणि 97 व्या फायलीला वीज गेली. हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण खरं शिक्षण इथं झालं.

वीज आल्यावर स्क्रिप्ट पुन्हा लावली. आधी उतरलेल्या फायली वगळायच्या, हे आम्ही तिच्यात लिहिलेलंच होतं, म्हणजे त्यांच्यासाठी पुन्हा भांडाराचं दार वाजवायचं नाही. पण 97 वी फाइल अर्धी उतरलेली होती. ती डिस्कवर होती, म्हणून स्क्रिप्टनं तीही वगळली. हे आम्हाला त्या दिवशी कळलंच नाही. आठवड्यानं मिरजेचा आपल्या ताऱ्याचा आलेख काढायला बसला तेव्हा फाइल उघडेना.

फिट्स हा खगोलशास्त्राचा फाइल प्रकार 1981 पासूनचा. त्याची बांधणी मला फार आवडते. फाइल नेहमी 2880 बाइटच्या ठोकळ्यांची असते. माहितीची प्रत्येक ओळ 80 अक्षरांची, एका ठोकळ्यात अशा 36 ओळी, आणि शेवटचा ठोकळा अपुरा असला तर भरून पुरा केलेला. म्हणजे धडधाकट फिट्स फाइलच्या आकाराला 2880 नं भागलं की बाकी शून्य यायलाच हवी. मिरजेच्याच्या फाइलचा आकार होता 13,07,904 बाइट. त्यानं भागाकार कागदावर केला. भागाकार 454, बाकी 384. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. फाइल न उघडता, नुसत्या भागाकारानं, ती तुटलेली आहे हे त्याला कळलं होतं.

त्यानंतर स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी आल्या. फाइल उतरत असताना तिचं नाव वेगळं ठेवायचं, शेवटी ‘अर्धी’ असं जोडून, आणि पूर्ण उतरल्यावरच खरं नाव द्यायचं. दुसरं, उतरल्यावर तपासणी. आधी 2880 चा भागाकार, मग फाइलच्या आतच लिहिलेली तपासबेरीज, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांवरूनच काढलेली एक संख्या, जुळते का ते पाहणं. टेसच्या फायलींच्या शीर्षभागात ती असते आणि पायथनमधल्या अ‍ॅस्ट्रोपायला सांगितलं की तो ती पडताळतो. 214 पैकी फक्त ती एकच तुटकी निघाली. तेवढी एकच पुन्हा मागितली.

याच्या उलटं तासगावचीच्या बाबतीत झालं. तिच्या आलेखात महिन्याच्या मधोमध एक मोठी रिकामी जागा होती. तिला वाटलं, फाइल खराब. पुन्हा उतरवली, तीच जागा रिकामी. तिसऱ्यांदा उतरवली. मग माझ्याकडं आली. मी तिला उपग्रहाची कक्षा काढून दाखवली. टेस पृथ्वीभोवती 13.7 दिवसांत एक फेरी घालतो, आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ आला की निरीक्षण थांबवून, तोंड वळवून, साठवलेली विदा खाली पाठवतो. एका सेक्टरमध्ये अशा दोन फेऱ्या. मधली रिकामी जागा म्हणजे त्याच्या पत्र टाकण्याची वेळ. ‘म्हणजे ही विदा इथं पोचली म्हणूनच ती जागा रिकामी आहे,’ ती म्हणाली. इतकं नेमकं मला सुचलं नसतं. शीर्षभाग वाचणं, गुणवत्तेचा रकाना बघणं हे सगळं फाइल पुन्हा मागण्याच्या आधी करायचं असतं, हे तिनं वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं. त्या जास्तीच्या दोन मागण्याही तिनं तारीख घालून नोंदवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

ती वही हा प्रकल्पाचा सगळ्यात मोलाचा भाग ठरला. 200 पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक फाइलचं नाव, उतरवल्याची तारीख, आकार, विदेच्या आवृत्तीचा क्रमांक, कारण एकच सेक्टर नंतर नव्या पद्धतीनं पुन्हा तयार करून ठेवला जातो आणि आकडे थोडे बदलतात. कुणी विचारलं, तुमचा आलेख कुठल्या फाइलवरून काढलाय, तर वही उघडायची. शिवाय 2019 च्या पुरात खालच्या मजल्यावरचं काय काय गेलं ते सांगलीत प्रत्येकाला ठाऊक आहे. डिस्क गेली तरी वही आणि स्क्रिप्ट असली की त्याच 214 फायली पुन्हा आणता येतात. आम्ही वहीचे फोटो काढून चौघांच्या घरी ठेवले.

प्रकल्प संपताना अहवालात ऋणनिर्देशाचं पान आलं. मुलांनी आधी प्राचार्य, मग मी, मग आईवडील असं लिहिलं होतं. मी त्यांना मास्टच्या विदेला दिलेला डीओआय, म्हणजे तिचा कायमचा ओळखक्रमांक, टेस मोहीम, ती 4584 ताऱ्यांची सूची तयार करणारे संशोधक, आणि आम्ही वापरलेली साधनं, हे सगळं त्यांच्या सांगितलेल्या शब्दांत घालायला लावलं. भांडार चालवणाऱ्यांना पैसे देणाऱ्यांपुढं हिशेब मांडावा लागतो, आणि आपली विदा कुणाच्या उपयोगी पडली हे दाखवायला असे उल्लेख त्यांच्या कामी येतात. सांगलीतल्या बी. एस्सी. च्या अहवालानं काय फरक पडतो, असं मिरजेचा म्हणाला नाही. वर्षभरापूर्वी कदाचित म्हणाला असता.

त्या युरोपातल्या वेधशाळेला मी मार्चमध्ये पुन्हा लिहिलं. आमच्या 64 पैकी नऊ तारे त्यांच्याकडं 20-20 वर्षं पाहिलेले आहेत, ग्रहणाची वेळ इतक्या वर्षांत सरकली का ते आम्हाला बघायचंय, एवढ्या नऊंच्या नोंदी मिळतील का. सोबत नऊ क्रमांकांची यादी जोडली, आणखी काही नाही. तिसऱ्या दिवशी एक छोटीशी गठडी आली, चार एमबीसुद्धा नव्हती. आत साधा मजकूर, रकाने सरळ लावलेले, आणि कोणत्या रात्री ढग होते, कोणत्या रात्री कॅमेरा बदलला, त्याच्या टिपा हातानं लिहिलेल्या.

यंदाची बॅच नवी आहे, सहा मुलं. पहिल्या दिवशी त्यांना संगणक दिला नाही, निळी वही दिली. मागच्या वर्षीच्या 214 फायली डिस्कवर आहेत, त्यांच्या प्रती पेनड्राइव्हवर फिरल्या. त्यांना जे नवे तारे हवे होते त्यांच्यासाठी त्यांनी दिवा सोडला, गाळणी लावली, आणि वहीत आकडा लिहिला: 38 फायली. गुरुवारी पहाटे पावणेसहाला सुरू केल्या. सव्वासहाच्या आत संपल्या. भाऊसाहेब नऊला आले तेव्हा ऑफिसपुढं परीक्षेच्या अर्जांची रांग लागलेली होती आणि लाइन सुरळीत चालू होती.